जुन्या फोल्डरचा पत्ता

४ मार्च

प्रिय ताई,

वीज गेल्याचं सांगणाऱ्या पेटीच्या सर्किट बोर्डाची फाइल मिळाली. उघडलीसुद्धा. पण उघडल्या उघडल्या प्रोग्रामने तक्रारींचा पाढाच वाचला. ही लायब्ररी सापडत नाही, तो भाग सापडत नाही. बोर्ड फिरवून बघायच्या खिडकीत गेलो तर तो अगदी बोडका, त्याच्या अंगावर एकही भाग नाही. प्रोग्राम फुकटचा आहे, सगळ्यांनी मिळून लिहिलेला आहे, म्हणून नावं ठेवत नाही. पण लिफ्टचं पॅनेल माझ्याशी याहून नीट बोलतं. सोल्डरचे डाग द्यायचे म्हणशील तर डोळे मिटून देईन. बोर्ड आखणं हा तुझा प्रांत. तेव्हा आता काय करू ते सांग, आणि लवकर सांग.

लवकर का, ते फोनवर धड सांगितलं नाही. आप्पांचं ऑक्सिजनचं मशीन ‘थोडा वेळ’ बंद पडलं होतं असं मी म्हणालो. किती वेळ ते मला माहीत नाही. पाना घरी विसरला म्हणून मी दुपारी कामावरून परत आलो. जिन्यातला दिवा लागेना, तेव्हा कळलं की वीज नाही. वर आप्पा झोपलेले, नाकात नळी, आणि मशीन पलंगाशेजारी गप्प. त्याची ती बारीक पिपाणी वाजत होती बिचारी, पण आप्पांच्या कानाशी ढोल बडवला तरी ते कूस बदलत नाहीत. ओठ निळसर झाले होते. सिलिंडरची नळी लावताना माझ्या हातून ती निसटत राहिली.

पाना विसरलो नसतो तर, असा विचार मी करत नाही. म्हणजे करतो.

तुझा भाऊ,
टिल्लू (हे नाव ठेवणाऱ्याने आता येऊन माझं वजन बघावं)


५ मार्च

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि मग बराच वेळ समोरच्या मीटरचा आकडा वाचता येईना. माझं कामच दुसऱ्यांची मापनयंत्रं खरं बोलतात का हे तपासायचं, आणि तू ‘थोडा वेळ’ म्हणालास तेव्हा मी ‘थोडा म्हणजे किती’ असं विचारलं नाही. का विचारलं नाही? ऐकायचं नव्हतं म्हणून, दुसरं काय.

आता काम. तुझं काही चुकलेलं नाही. बोर्डावर प्रत्येक भागाचे पाय टेकायला तांब्याचे ठसे लागतात. त्या ठशांची चित्रं मी एका फोल्डरमध्ये ठेवते, त्याचं नाव ‘माझे भाग’. बोर्डाच्या फाइलला त्या फोल्डरचा पत्ता ठाऊक लागतो. माझा फोल्डर माझ्या संगणकात कुठे आहे हे तुझ्या संगणकाला कसं कळणार? म्हणून मी पूर्ण पत्ता न लिहिता त्या जागी ‘भाग’ एवढंच टोपणनाव लिहिलं आहे. प्रेफरन्सेसमध्ये ‘कॉन्फिगर पाथ्स’ असा तक्ता उघडतो. त्यात ‘भाग’ नावाची ओळ घाल आणि तिच्यासमोर ‘माझे भाग’ हा फोल्डर तुझ्याकडे जिथे असेल तिथला पत्ता दे. बाकी सगळं तो आपला आपण शोधेल.

पेटी कशी चालेल ते पुन्हा लिहिते, कारण फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि तुझ्या ‘हो हो’चा मला भरवसा नाही. वीज असेल तेव्हा पेटी अ‍ॅडॉप्टरवर जागी. वीज गेली की एक तीन पायांचा स्विच तिला आतल्या साध्या सेलवर टाकणार. मग आप्पांच्या उशीखालची चकती थरथरेल आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात घंटा वाजेल. उशी हलली की आप्पांनी सिलिंडर उघडायचा. दर रविवारी प्लग काढून बघायचं. दर रविवारी, टिल्लू. जे तपासलं नाही ते नाहीच असं मी धरते.

बोर्ड बनवायला टाकण्याआधी मला चित्र पाठव.

ताई


१९ मार्च

प्रिय ताई,

पत्ता दिला आणि जादू झाली! फोल्डर माझ्याकडे होताच. तक्रारी बऱ्याचशा गेल्या. उरल्या त्या एका वेगळ्याच जातीच्या: अमुक भाग लायब्ररीतल्या भागाशी जुळत नाही, तमुक जुळत नाही. खाली बटण होतं, सगळे भाग लायब्ररीप्रमाणे करून घ्या. घेतले. दोन रेघा एकमेकींवर चढल्या, त्या सोडवून पुन्हा नीट ओढल्या. मग तपासणी चालवली आणि शून्य चुका! शाळेत असं एकदा तरी झालं असतं तर आईने चाळीत साखर वाटली असती.

तुला चित्र पाठवलं, तू ‘स्क्रूची भोकं कडेपासून जरा आत घे’ म्हणालीस, तीही घेतली. बोर्ड आले, डाग दिले, पेटी बसली. प्लग काढला तर उशी अशी थरथरली की आप्पा दचकून म्हणाले, “अरे, ही तर सासू आहे! जरा कुठे डोळा लागला की हिचं सुरू.” तेव्हापासून पेटीचं नाव सासू. खालून नर्सबाई घंटा ऐकून हातातलं टाकून वर आल्या.

दुसरी पेटी तुझ्याकडे पाठवली आहे, तू मागितली होतीस म्हणून. तुझ्याकडे कोण आजारी आहे? कुणी नाही. तुला फक्त शंका घ्यायला काहीतरी लागतं. पण ताई, खरं सांगू? मी काल साइटवर गेलो आणि दुपारपर्यंत एकदाही घराची आठवण काढली नाही. आई गेल्यापासून असं पहिल्यांदा झालं.

टिल्लू


३० मार्च

चि. शंकासूर हिस,

आप्पाचा आशीर्वाद. तुझ्या सासूची प्रकृती उत्तम आहे. तुझी म्हणजे तू केलेली. तुझ्या खऱ्या सासूबाईंना सांगू नकोस. हल्ली मी मोठ्या अक्षरांच्या विजेच्या पाटीवर (तुम्ही टॅब म्हणता तिच्यावर) वाचतो आणि एका बोटाने लिहितो. कान गेल्यापासून माणसं माझ्याशी बोलायची थांबली नाहीत, फक्त ओरडायला लागली. पत्रात कुणी ओरडत नाही, म्हणून मला पत्रं आवडतात.

तुझ्या हुकुमाप्रमाणे रविवारी प्लग काढला. बोंबलली. परत लावला. गप्प झाली. यापुढेही दर रविवारी कळवत जाईन. तूही तुझ्याकडच्या सासूचा कान पिळत जा आणि कळव. दोघी जावा जावांसारख्या एकमेकींवर नजर ठेवतील.

टिल्लू जाडा होत चालला आहे. मी काही बोललो की ऐकू येत नाही असं करतो. माझं नाटक तो माझ्यावरच उलटवतो.

आप्पा


२६ एप्रिल

ती. आप्पा,

आजही आमच्याकडची सासू बोलली. मी प्लग काढून सावकाश दहा मोजते आणि मग लावते. गेल्या वेळेपेक्षा आवाज किंचित खाली वाटला, पण तो माझा कान असेल. तुमची बोलली ना? तुमच्या पत्राची वाट बघते. एखाद्या रविवारी तुमचं पत्र संध्याकाळपर्यंत आलं नाही की मी उगाच घरभर फिरते. हे म्हणतात, “अगं, आप्पांना चहा तरी पिऊ दे.”

तुमची
शंकासूर


२७ एप्रिल

चि. शंकासूर,

बोलली, बोलली. भरपूर बोलली. चहा पिऊन लिहितो आहे.

आप्पा


११ मे

टिल्लू,

हे पत्र वाचशील तिथे खाली बस.

काल प्लग काढला आणि माझ्याकडची पेटी बोलली नाही. चकती हलली नाही, दिवा नाही, काही नाही. झाकण उघडलं. एक सेल इतका फुगला आहे की त्याचा पत्रा ताणून चकाकतो. बाकीच्या दोघांच्या टोकांना पांढरी पावडर, आणि स्प्रिंगवर हिरवं काहीतरी चिकट. सेल मार्चमध्ये नवे घातले होते. पेटी तर सेल फारसे वापरतच नाही, फक्त रविवारी दहा मोजेपर्यंत.

पहिला विचार आला, सेलच वाईट निघाले असतील. तो विचार मला इतका आवडला की त्याच कारणाने मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मीटर लावला. वीज असताना सेलमध्ये प्रवाह उलटा शिरतोय, टिल्लू. अ‍ॅडॉप्टर सेलना भरायला बघतोय, आणि हे भरायचे सेल नव्हेत. मी पेटी जितकी तपासत गेले तितके सेल थोडे थोडे उतरत गेले, आणि जितके उतरले तितका प्रवाह त्यांच्यात जोराने घुसला. मी तिला तपासून तपासून मारलं.

आप्पासुद्धा दर रविवारी तपासतात. मी सांगितलं म्हणून.

तुला सकाळपासून फोन लावतेय, ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. तू परगावी साइटवर आहेस हे मला तुझ्या बायकोने सांगितलं. ती माहेरी आहे हेही तेव्हाच कळलं. म्हणजे आप्पा वर एकटे आहेत. नर्सबाईंना फोन केला, त्या ड्यूटीवर, फोन बंद. आज रेडिओवर तुमच्याकडे जोराच्या वाऱ्याचा इशारा ऐकला. मी उठते, फोन लावते आणि परत हेच वाक्य लिहायला बसते: आप्पांच्या उशाला जी पेटी आहे ती बहुधा मुकी आहे.

वाचताक्षणी फोन कर.

ताई


१२ मे

ताई,

इथे लिफ्टच्या खोबणीत नेट येत नाही, वर गच्चीवर येऊन लिहितोय. फोन लावला तर आवाज तुटतोय, तुला शिव्याच ऐकू येतील फक्त. साइट शुक्रवारी संपते. त्याआधी निघालो तर वीस मजले जिन्याने चढणारी माणसं मला खाली फेकतील, तरी मुकादमाशी बोलतोय.

घाबरू नकोस. नर्सबाईंना निरोप गेला आहे. त्यांना सांगितलं की आप्पांना जरा सर्दीसारखं आहे, अधूनमधून वर डोकवा. पेटीचं बोललो नाही. आणि तुला हात जोडतो, आप्पांना यातलं काही कळवू नकोस. पेटी आल्यापासून ते झोपायला लागले आहेत. आधी मशीनकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून पडायचे, तुला माहीत नाही ते. पेटी मुकी आहे असं कळलं तर ते पुन्हा तसेच पडतील.

एक विचारायचं होतं. हे माझ्यामुळे झालं का? मी डाग नीट दिले होते. भिंगाखाली एकेक बघितला होता. मला रात्री झोप लागली नाही. तो स्विच मी उलटा तर नाही ना बसवला? पण उलटा बसतच नाही तो, तीन पाय आहेत, दोन एकीकडे, एक दुसरीकडे.

टिल्लू


१२ मे, संध्याकाळ

टिल्लू,

तू स्विच बरोबर बसवलास. त्याच्याखालचे ठसे चुकीचे होते.

दिवसभर रजा घेऊन तुझी फाइल माझ्या फाइलशेजारी ठेवून बघितली. मी पाठवली तेव्हा स्विचचा दुसरा पाय पेटीकडे आणि तिसरा सेलकडे होता. तुझ्या बोर्डावर दुसरा सेलकडे, तिसरा पेटीकडे. त्यामुळे वीज गेली की स्विच चालू होतोच, तपासणीत पेटी बोलतेच. पण वीज असते तेव्हा त्याच्या आतला एकेरी दरवाजा उलट्या दिशेने उघडा राहतो.

असं झालं कसं? तू लिहिलं होतंस, ‘फोल्डर माझ्याकडे होताच’. मी ते वाचून पुढे गेले. मला वाटलं, फाइलबरोबर पाठवलेला फोल्डर. तू मात्र बोर्ड शिकायला लागलास तेव्हा मी पेन ड्राइव्हवर जो दिला होता त्याचा पत्ता घातलास. हो ना? त्याचंही नाव ‘माझे भाग’. त्यातल्या स्विचचे दोन पाय मी दुसऱ्या कंपनीच्या कागदावरून काढले होते. पुढे चूक कळली तेव्हा माझ्याकडे दुरुस्त केले आणि नाव तेच ठेवलं. फोल्डर सापडला नसता तर प्रोग्राम ओरडला असता. त्याला फोल्डर सापडला, नाव जुळलं, भाग जुळला, तो गप्प बसला. उलट त्याने तुला सांगितलं होतं की भाग लायब्ररीशी जुळत नाही. तेव्हा बोर्डावरचा भाग बरोबर होता आणि लायब्ररीतला चूक. तू बटण दाबलंस आणि बरोबर होतं ते चुकीप्रमाणे करून घेतलंस.

‘दोन रेघा एकमेकींवर चढल्या, त्या सोडवल्या’ हेसुद्धा तू लिहिलं होतंस. पाय अदलाबदल झाले म्हणून त्या चढल्या होत्या. तू मला सगळं सांगितलं होतंस, टिल्लू. मी चित्रात स्क्रूची भोकं बघत बसले.

कुणाची चूक किती, हे मी ठरवायला बसले होते, मग उठले. ते नंतर बघू. आत्ता मला नर्सबाईंची भीती वाटते आहे. तू त्यांना सर्दी सांगितलीस. म्हणजे त्या जमेल तेव्हा डोकावणार आणि बाकी वेळ निर्धास्त राहणार, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात घंटा आहेच! आपण त्यांना न वाजणाऱ्या घंटेच्या भरवशावर ठेवलं आहे. त्यांचा फोन अजून लागत नाही.

म्हणून मी आप्पांना लिहिणार आहे. तू हात जोडलेस तरी. झोप उडाली तर उडू दे. डोळे उघडे ठेवून पडलेले आप्पा मला चालतील.

ताई


१३ मे, सकाळ

ती. आप्पा,

काळजीचं काही नाही. एक छोटंसं काम सांगते, ते हे पत्र वाचून झाल्यावर लगेच करा.

सासूचा प्लग काढू नका. आज नाही, रविवारी नाही, टिल्लू येईपर्यंत नाही. प्लग तसाच ठेवून वरचं झाकण उघडा. नखाने सरकतं. आत तीन सेल आहेत. ते फुगलेले किंवा पाझरलेले दिसतील. घाबरू नका. टिल्लूच्या टेबलाच्या वरच्या खणात नवे सेल आहेत. फडक्याने धरून जुने बाहेर काढा, हाताला पावडर लागली तर हात धुवा, आणि नवे घाला. सपाट टोक स्प्रिंगकडे. स्प्रिंग हिरवी झाली असेल तर ती टिल्लूच्या छोट्या कानशीने घासा, चमकेपर्यंत. नव्या सेलवर ती काही दिवस नीट बोलेल, तोवर आपण ती बदलू.

मग नर्सबाई आल्या की त्यांना हे पत्र दाखवा. त्यांना म्हणावं, सर्दी नाही. घंटेवर विसंबू नका, वारा सुटला की आपण होऊन वर या. आणि सेल बदलून होईपर्यंत दिवसा पलंगावर आडवं होऊ नका. खुर्चीत बसा. सिलिंडरचा पाना हाताशी ठेवा.

पेटीत एक चूक राहिली होती. ती माझ्याकडून सुरू झाली आणि टिल्लूकडे पूर्ण झाली, असं म्हणता येईल. पण तुम्ही त्याला रागावू नका, तो गच्चीवर उभा राहून घाबरला आहे. खरोखर काळजीचं काही नाही.

हे वाचल्याचं एका शब्दाने कळवा. फक्त ‘वाचलं’ एवढं लिहा, बाकी नंतर.

तुमची
शंकासूर


१३ मे, सकाळी जरा वेळाने

आप्पा, वाचलं का?


१३ मे, दुपार

आप्पा, रेडिओवर सांगतायत की तुमच्या बाजूला तारा तुटल्या आहेत. नर्सबाईंच्या वॉर्डात निरोप ठेवला आहे. टिल्लू निघाला आहे, पण त्याला संध्याकाळ होईल. कृपा करून काहीतरी लिहा. एक टिंब लिहा.


१३ मे, संध्याकाळ

चि. शंकासूर,

वाचलं.

उशीर झाला कारण दुपारी वीज गेली आणि पाटीवरचं इंटरनेटही गेलं. आत्ता आली. टिल्लू शेजारी उभा आहे, धापा टाकतो आहे, आणि मी काय लिहितो ते वाचायला मान लांब करतो आहे. त्याला सांगितलं, खाली जाऊन नर्सबाईंसाठी चहा टाक. गेला. आता खरं लिहितो.

तुझी पहिली चिठ्ठी मी वीज जायच्या आधीच वाचली होती. ‘काळजीचं काही नाही’ हे तू इतक्यांदा लिहिलंस की मी वाचता वाचताच उठलो. झाकण उघडलं. सेल चकचकीत होते. दुकानातून आणल्यासारखे. फुगलेला एकही नाही, पावडर नाही, स्प्रिंग कोरी. मी ते हातात घेऊन बघत बसलो, मग तेच परत आत घातले, आणि मला तुझ्याकडे बघायची लाज वाटली. तू समोर नव्हतीस तरी.

पोरी, मी प्लग कधीच काढला नाही. टिल्लूने पहिल्या दिवशी काढला तेवढाच. मी दर रविवारी तुला लिहीत होतो, बोलली, बोंबलली, भरपूर बोलली, ते सगळं पलंगावर बसून रचलेलं होतं. पहिल्या रविवारी प्लगला हात लावला होता. लावल्यावर मनात आलं, समजा मी हा काढला आणि ती बोललीच नाही, तर? मग आज झोपायचं कसं? प्लग तसाच ठेवला तर निदान ती बोलेल असं धरून झोपता येत होतं. तुला तपासल्याशिवाय झोप लागत नाही आणि मला तपासलं तर लागली नसती. तुला हे कळवलं असतं तर तू टिल्लूला सांगितलं असतंस, आणि त्याने माझ्यासमोर रविवारी उभं राहून प्लग काढला असता. म्हणून नाही कळवलं.

तुझं पत्र समजून घेताना एवढं कळलं की तू तपासलंस म्हणून तुझी बिघडली आणि मी तपासलं नाही म्हणून माझी टिकली. याचा अर्थ मी काढत बसलो नाही. तुला कळत असेल तर मला लिहू नकोस.

दुपारची हकिकत. तू सांगितलंस तसा खुर्चीत बसलो होतो, तरी डोळा लागलाच. म्हातारपण खुर्चीला जुमानत नाही. उशी मी पाठीशी घेतली होती. ती थरथरायला लागली. इतकी की मला वाटलं मीच थरथरतोय. मशीनचा दिवा गेलेला होता. पाना हाताशी होता, पण हाताला तो सापडेना, मांडीवर असून. सिलिंडर उघडला. नळी बदलली. तेवढ्यात नर्सबाई धावत वर. ड्यूटीवरून नुकत्या घरात शिरल्या होत्या, एक चप्पल पायात, एक नाही. पाचएक मिनिटं आधी घंटा वाजली असती तर ती ऐकायला खाली कुणी नसतं. हे त्या सारखं सारखं सांगत होत्या आणि मी ऐकू येत नसल्यासारखं करत होतो.

आप्पा


१४ मे

ती. आप्पा,

काल तुमचं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात बसले होते, घरात बसवेना म्हणून. ‘वाचलं’ हा शब्द वाचला आणि पुढचं बराच वेळ वाचलंच नाही.

मला तुमच्यावर रागवायचं आहे आणि जमत नाही. रात्री रोजनिशी लिहायला बसले. तुम्ही मला खोटं लिहिलंत आणि त्यामुळे तुम्ही आहात, हे वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. त्यातून काही शिकायचं म्हटलं तर ते चुकीचंच निघेल. तुम्ही तपासलं असतंत तर सेल गेले असते. पण ते गेलेले निदान रविवारी कळले असते, दुपारी वीज जायच्या आधी. तुमचं नशीब चांगलं होतं एवढंच मी मान्य करते. नशिबावर पेटी ठेवता येत नाही.

टिल्लूशी सकाळी बोलले. आधी तो रडला, मग म्हणाला, “ताई, तू पण रडतेयस का नेट खराब आहे?” जुना फोल्डर आम्ही दोघांनी एकाच वेळी पुसला, फोनवर एकमेकांना सांगत. माझ्याकडच्या नव्या फोल्डरला वेगळं नाव दिलं आणि आत प्रत्येक भागापुढे तो कुठल्या कागदावरून काढला ते लिहायला घेतलं आहे. आता त्याचा बोर्ड मी उघडेन आणि माझा तो उघडेल, आणि पायांचे नंबर मोठ्याने वाचू. शून्य चुका दिसल्या तरी.

नवा बोर्ड येईपर्यंत टिल्लूने स्विचचे दोन पाय तारेने अदलाबदल करून जोडले आहेत. मी फोटो बघितला. मग दुसऱ्या बाजूने काढलेला मागितला. बरोबर आहे.

एकच मागते. नवी पेटी बसली की पहिला रविवार तुम्ही करायचा. टिल्लू नाही, नर्सबाई नाहीत. तुम्ही.

तुमची
शंकासूर


७ जून, रविवार

चि. शंकासूर,

सकाळपासून टाळत होतो. आधी दाढी केली. मग पाटी पुसली. मग टिल्लूला नको असलेले दोन उपदेश केले. तो म्हणाला, “आप्पा, प्लग तिकडे आहे.”

तो आणि नर्सबाई दोघं दाराशी उभे राहिले, लग्नाला आल्यासारखे. मी म्हटलं, असे बघत राहिलात तर माझ्याने होणार नाही, तोंड फिरवा. फिरवली. प्लगला हात लावला. पोरी, तुला खोटं लिहायची माझी सवय मोडायची आहे म्हणून लिहितो: दोनदा हात मागे घेतला आणि परत लावला. त्या दुपारी सिलिंडर उघडताना एवढा भ्यालो नव्हतो. मला वाटलं, आत्ता कळणार. इतके दिवस न कळता जगलो, ते बरं होतं.

काढला.

दोघांची तोंडं पलीकडे होती, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना, आणि कान तर तुला माहीतच आहेत. तो एक क्षण फार लांब होता. मग मी उशीवर हात ठेवला.

तू दहा मोजतेस म्हणालीस. मी मोजायला लागलो आणि विसरलो. ती हाताखाली बोलतच होती. टिल्लू वळून काहीतरी ओरडला. लाव आता, असं असणार. मी ऐकू येत नसल्यासारखं केलं आणि हात तसाच ठेवला.

आप्पा